सहा आठवड्यांचा हिशेब

सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याने निघाले की वडकबाळला सीना ओलांडावी लागते आणि पुढे टाकळीला भीमा. या दोन पुलांच्या मधल्या पट्ट्यात दक्षिण सोलापूर तालुक्यातले मंद्रूप आहे. मराठी आणि कानडी दोन्ही सहज बोलणारा हा सीमेवरचा मुलूख. सरोगसीचा इतिहास लिहिणारा माणूस इकडे फिरकणार नाही. तो सरोगसीसाठी गाजलेल्या गुजरातमधल्या आणंदला जाईल, मुंबईच्या दवाखान्यांची दप्तरे चाळील. पण दुसऱ्यासाठी वाढवलेला गर्भ मधेच गेला तर त्या बाईला काय मिळावे, याचे उत्तर दवाखान्यांच्या इतिहासात सापडत नाही. ते बाईच्या मजुरीच्या इतिहासात सापडते, आणि त्यासाठी मंद्रूपचा परिसर सोयीचा आहे. शेतावरचा रोज, भंडारकवठ्याच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यातली ऊसतोड, सोलापूर आणि कुंभारी इथला विड्यांचा धंदा अशी बायकांच्या कष्टाची तीन रूपे इथे एकाच टापूत दिसतात. गर्भ गेल्यावर या तिघींच्या पदरी काय पडते हे एकदा पाहिले, की सरोगेट मातेच्या कायद्यात काय राहून गेले ते कळते.

सुरुवात मुंबई इलाख्यापासून करावी लागते, आणि सोलापूर तेव्हा त्याच इलाख्यात होते. गिरण्यांच्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायका राबत होत्या. 1928 साली मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी प्रसूती लाभाचे विधेयक मांडले आणि त्या वर्षीच्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्यामुळे तो भार मुख्यतः सरकारने उचलावा. पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला होतो, म्हणून त्यालाही त्यातून पूर्ण सुटता येणार नाही, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. 1929 साली कायदा झाला आणि गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या काळात दिवसाला आठ आणे मिळू लागले. रक्कम किरकोळ होती, तिच्यामागचे तत्त्व मात्र नवे होते. हे पैसे मुलाबद्दल नव्हते, कामावर न गेलेल्या दिवसांबद्दल होते.

हे तत्त्व शेवटापर्यंत नेले ते 1961 च्या केंद्रीय प्रसूती लाभ कायद्याने. त्याच्या नवव्या कलमानुसार गर्भपात झाला तरी दुसऱ्या दिवसापासून सहा आठवडे बाईला प्रसूती लाभाच्या दराने पगारी रजा होती. या सहा आठवड्यांत मालकाने तिला कामाला लावायचे नाही आणि तिनेही कामावर जायचे नाही. गर्भपातामुळे दुखणे मागे लागले तर दहाव्या कलमाने आणखी एक महिना मिळायचा. सव्विसाव्या आठवड्यापर्यंत गर्भ गेला तर त्याला गर्भपात धरायचे. त्यानंतर मूल मृत जन्मले तरी कायद्याच्या व्याख्येत ते ‘मूल’च असायचे, म्हणजे आईला पूर्ण प्रसूती लाभ मिळायचा. पाळणा हलला की नाही हे हा कायदा विचारत नव्हता. शरीर झिजले, त्याला सावरायला वेळ हवा, आणि त्या वेळात चूल पेटती राहिली पाहिजे, एवढेच तो बघायचा. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपायची रीत आहेच. कच्च्या बाळंतिणीला तर जास्तच जपावे, असे जुन्या बायका सांगत आल्या. कायद्याचे सहा आठवडे त्या सव्वा महिन्याच्या जवळपासच येतात. फरक इतकाच की घरची रीत सासूच्या मर्जीवर आणि कणगीतल्या ज्वारीवर अवलंबून होती, कायद्याने तिचा हक्क केला.

हा हक्क सगळ्यांपर्यंत सारखा पोचला नाही. 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने प्रसूती लाभ विडी कामगार बायकांना लागू केला, आणि घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही दिला. पण घरी वळणाऱ्या बाईच्या बाबतीत आठवे आणि दहावे कलम वगळले. आठवे कलम वैद्यकीय बोनसचे आणि दहावे आजारपणाच्या जादा रजेचे. गर्भ गेल्यावरचे सहा आठवडे तिला होते. त्यानंतर अंगावर दुखणे निघाले तर कायदा हात वर करायचा. आणि सहा आठवड्यांचे पैसे तरी किती? तिची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. पान भिजवायचे, कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, आणि माल पोचवल्यावर छाटीत बाद झालेल्या विड्या सोडून उरलेल्यांची मोजदाद. लाभ काढायचा तो आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावरून. म्हणजे ओकाऱ्या आणि चक्कर यांमुळे ज्या महिन्यांत तिचा हात मंदावला, नेमके तेच महिने हिशेबात धरायचे. कुंभारीला कॉम्रेड गोदावरी परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची हजारो घरांची वसाहत संघटनेच्या बळावर उभी राहिली. इतकी मोठी संघटना असलेल्या धंद्यात ही स्थिती, तर संघटना नसलेल्यांचे विचारायलाच नको.

शेतमजूर बाईला 1961 चा कायदा लागूच नव्हता. ऊसतोडीत तर बाई स्वतंत्र मजूर म्हणून धरलीच जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल त्या कोयत्याच्या नावावर, व्यवहार मुकादमाशी. कारखान्याच्या लेखी ती कामगार नसते. एक दिवस काम बुडाले की खाडा आणि खाड्याचा दंड. या हिशेबात गर्भपातानंतरच्या विश्रांतीचा दिवस म्हणजे कर्जात पडलेली भर. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 82,309 बायकांच्या पाहणीत 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या शस्त्रक्रियांमागे कारणे अनेक होती. पण आजारपणाचा दिवस जिथे दंडाचा दिवस ठरतो, तिथे दुखणाऱ्या अवयवावर इलाज करत बसण्यापेक्षा तो काढून टाकणे परवडते, हे त्यातले एक होते.

सरकारी अनुदानाची तऱ्हा आणखी वेगळी. 2017 पासूनच्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी 5,000 रुपये तीन हप्त्यांत मिळायचे: नोंदणीनंतर 1,000, सहा महिने उलटल्यावर 2,000, आणि मुलाची जन्मनोंद व लसीकरण झाल्यावर उरलेले 2,000. पाचव्या महिन्यात गर्भ गेला तर पुढचे हप्ते कधी? नियम सांगायचा, पुढच्या गरोदरपणात. म्हणजे गेलेल्या गर्भाची भरपाई नव्या गर्भाने करायची, तोवर पैसे सरकारकडे थांबणार. 1929 च्या कायद्याने पैसे दिवसांशी जोडले होते. या योजनेने ते पुन्हा मुलाशी नेऊन बांधले.

सरोगसीचा बाजार उभा राहिला तोही मुलाच्याच हिशेबावर. 2005 च्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनी गरोदरपणाचा सगळा खरा खर्च सरोगेट मातेला मिळावा असे म्हटले. मोबदल्याचा आकडा मात्र दोन पक्षांवर सोडला. 2010 च्या विधेयकाच्या मसुद्यात मोबदला पाच हप्त्यांत द्यायचा होता आणि त्यातला पाऊण भाग शेवटच्या हप्त्यात, म्हणजे मूल जन्मल्यावर. सातव्या महिन्यात गर्भ गेला तर सात महिने राबलेल्या बाईच्या हातात फार तर पाव हिस्सा. यात कुणी फसवणूक केली असे नव्हे, मसुदाच तसा होता. जोखीम सगळी तिची. 2008 च्या ‘बेबी मानजी’ या सरोगसीतून जन्मलेल्या बाळाच्या प्रकरणापासून देशभर चर्चा रंगली ती मूल कुणाचे यावर. 2011 च्या ‘मला आई व्हायचंय!’ या मराठी चित्रपटाचा पेचही नाकारलेल्या मुलाचाच होता. न जन्मलेल्या मुलाच्या मागे उरलेल्या बाईकडे ना कोर्ट वळले, ना पडदा.

मग 2021 चा सरोगसी नियमन कायदा आला आणि त्याने बाजारच बंद केला. मोबदला घेणे-देणे गुन्हा ठरला. वैद्यकीय खर्च, सरकारने ठरवून दिलेले इतर खर्च आणि विमा एवढेच द्यायचे. 2022 च्या नियमांनी छत्तीस महिन्यांचा आरोग्य विमा सक्तीचा केला. गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत त्यात आली. मूल हवे असलेल्या जोडप्याने दंडाधिकाऱ्यांपुढे हमीचे प्रतिज्ञापत्र करायचे आहे. गर्भपातासाठी तिच्यावर कुणी सक्ती करायची नाही, आणि गर्भरोपण होईपर्यंत तिला माघार घेता येते. ही सगळी पावले पुढची आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याच नियमांत एका सरोगेट मातेवर जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतील असेही आहे. म्हणजे गर्भ न टिकण्याची शक्यता नियम करणाऱ्यांना चांगली ठाऊक होती. तरीही गर्भ गेल्यावर बुडालेल्या रोजाचे काय, हे त्यांनी नेमके सांगितले नाही. विमा दवाखान्याचे बिल भरतो. घरात ज्वारी भरणे हे त्याचे काम नाही. सरोगेट माता विवाहित किंवा कधीकाळी विवाह झालेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी, ही कायद्याची अट. म्हणजे तिच्या घरी खाणारे तोंड आहे हे कायद्यानेच गृहीत धरले आहे.

यावर पहिला आक्षेप असा की गर्भ गेल्याबद्दल पैसे दिले तर मागच्या दाराने बाजार परत येईल. आक्षेप वजनदार आहे, पण तो किंमत आणि बुडीत मजुरी यांत गल्लत करतो. 1961 च्या कायद्याने गर्भपाताची किंमत कधीच लावली नाही. त्याने फक्त सहा आठवड्यांचा रोज भरून दिला, आणि त्यामुळे कुणी गर्भाचा व्यापार केल्याचे ऐकिवात नाही. ज्या संसदेने सरोगसीवरचा मोबदला बंद केला, तिच्याच स्थायी समितीने 2017 च्या अहवालात बुडालेली मजुरी, समुपदेशन आणि प्रसूतीनंतरची काळजी यांचा समावेश असलेली भरपाई सुचवली होती. केंद्र सरकारच्या रजा नियमांत 2024 साली दुरुस्ती झाली आणि दोनपेक्षा कमी हयात मुले असलेल्या सरकारी नोकर सरोगेट मातेला 180 दिवसांची पगारी रजा देता येऊ लागली. तिचा पगार हा सरोगसीचा मोबदला ठरत नाही, तर मंद्रूपच्या शेतमजूर बाईचा सहा आठवड्यांचा रोज मोबदला कसा ठरतो?

दुसरा आक्षेप जुना, 1928 मध्येही गिरणीमालकांच्या बाजूने ऐकू आलेला: खर्च वाढला की बायकांना कामावर घेणे कमी होईल. पुढच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांतले बायकांचे प्रमाण घटले, हे खरे आहे. त्याला रात्रपाळीवरची बंदी आणि यंत्रांतले बदलही कारण होते, तरी मालकाच्या हिशेबाचा वाटा नाकारता येत नाही. पण या अनुभवातून हक्क काढून घ्यावा असे निघत नाही. निघते ते हे की भार एकट्या मालकावर टाकू नये. आंबेडकर सरकारच्या वाट्यावर जोर देत होते, त्याला आज तेवढाच आधार आहे. सरोगसीत तर ही अडचणही नाही. तिथे खर्च जोडप्याने सोसायचा हे आधीच ठरलेले आहे.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. बाई परोपकाराने गर्भ वाढवते आहे, तिला पैशाचे काय? पण परोपकार तिने करायचा आणि तोटाही तिनेच सोसायचा, असे कुठल्या धर्मात सांगितले आहे? रक्तदात्याला पैसे देत नाहीत, पण रक्त देताना तो भोवळ येऊन पडला तर उपचार करून, खायला घालून त्याला घरी पोचवतात. दान स्वीकारणाऱ्यावर दात्याला उभे करण्याची जबाबदारी येतेच.

म्हणून दुरुस्ती मोठी लागत नाही. सरोगसी कायद्यातल्या ‘ठरवून दिलेल्या खर्चां’त गर्भ गेल्यानंतरच्या सहा आठवड्यांची किमान वेतनाने भरपाई आणि समुपदेशनाचा खर्च नियमाने घालता येईल, त्यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. मातृ वंदनेचा पैसा पुढच्या गरोदरपणाची वाट न पाहता गर्भ गेला त्याच महिन्यात देता येईल. दहाव्या कलमातली जादा रजा घरी विडी वळणाऱ्या बाईलाही देता येईल, आणि ऊसतोडीच्या करारात गर्भपातानंतरचे दिवस खाड्यात धरू नयेत अशी अट घालता येईल. या चौघींचे प्रश्न वेगळे वाटतात ते चार खात्यांच्या फायलींत विभागले गेले म्हणून. सहा आठवड्यांचे तत्त्व देशाच्या कायद्यात साठ वर्षांहून अधिक काळ आहे. सरोगेट मातेसाठी नवे काही शोधायचे नाही. गिरणीतल्या बाईला जे कबूल केले, ते हिलाही लागू करायचे आहे.