पोलादनगरीशेजारील लोहयुग : शालेय सहलींसाठी करकाभाट

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. शहराच्या सिविक सेंटर परिसरातून निघणाऱ्या शालेय सहलीला लोखंडाचा याहून फार प्राचीन इतिहास बालोद जिल्ह्यात पाहता येतो. याच जिल्ह्यातील दल्ली-राजहरा खाणींनी कारखान्याला लोहखनिज पुरविले.

बालोद-धमतरी मार्गावरील करकाभाट येथे महापाषाणीय दफनभूमी आहे. मृतांच्या स्मरणार्थ मोठे दगड उभारण्याची प्रथा असलेल्या या समाजाला लोखंडाचा वापर ज्ञात होता. पुरातत्त्वज्ञ अरुणकुमार शर्मा यांनी १९९०-९१ मध्ये येथे उत्खनन केले. नागपूरजवळील जुनापाणीची शिळावर्तुळे याच परंपरेतील असून, नागपूर जिल्ह्यातीलच नायकुंड येथे लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी आढळली आहे.

या लोकांनी लिखित नोंदी मागे ठेवल्या नाहीत. त्यामुळे दगडांची मांडणी हाच त्यांचा दस्तऐवज ठरतो. विद्यार्थ्यांनी दगडांची उंची व परस्परांतील अंतर फितीने मोजावे, होकायंत्राने दिशा नोंदवावी आणि आलेख कागदावर आराखडा काढावा. वर्गात परतल्यावर विविध गटांच्या नोंदी पडताळून पाहता येतात.

मात्र खोदकाम करणे, दगड हलविणे किंवा खापराचा तुकडा आठवण म्हणून उचलणे कटाक्षाने टाळले पाहिजे. वस्तू जागेवरून हलली की तिचा संदर्भ नष्ट होतो आणि तो पुन्हा जुळविता येत नाही.