‘सबडायल’ : छत नसलेल्या कबरीसाठी एक शब्द

इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशांत ‘सबडायल’ असा एक विरळ शब्द सापडतो. अर्थ : उघड्यावरचा, डोक्यावर छत नसलेला. खुलताबादला आलेल्याला या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही; औरंगजेबाची कबर तशीच आहे.

हा शब्द लॅटिन ‘सबडिआलिस’वरून आला. रोमन लेखक प्लिनी याने तो वापरला आहे. त्याच्या मुळाशी ‘सब दिवो’, म्हणजे ‘आकाशाखाली’, हा वाक्प्रयोग आहे. इ. स. पूर्व पहिल्या शतकातील वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हिअस बिनछताच्या मंदिरांविषयी लिहिताना तोच योजतो. यातला ‘दिव’ आपल्याला परका नाही. संस्कृतातील ‘दिव्’ म्हणजे आकाश. ‘देव’ आणि ‘दिवस’ त्याच कुळातले. ‘सब’चे नाते संस्कृत ‘उप’शी आहे.

गावाच्या नावाची व्युत्पत्ती मात्र निराळी. ‘खुलताबाद’ ऐकताना ‘खुलणे’ आठवते, पण मूळ शब्द अरबी ‘खुल्द’, म्हणजे चिरंतनता किंवा स्वर्ग. औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी आजच्या अहिल्यानगरजवळ भिंगार येथे वारला आणि शेख जैनुद्दीन शिराजी यांच्या दर्ग्याच्या आवारात पुरला गेला. मृत्यूनंतर त्याला ‘खुल्द-मकान’ म्हणू लागले आणि पूर्वीचे ‘रौझा’ खुल्दाबाद झाले.

कबरीवर छत नाही. वर माती आणि सब्जाचे रोप. भोवतीची संगमरवरी जाळी नंतरची, निजामी राजवटीतली. या साधेपणात कोणी बादशहाचे वैराग्य पाहतो, तर कोणी त्याच्या साम्राज्याची दुर्दशा. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. काबूलमधील बाबराची कबर उघडीच आहे. औरंगजेबाची बहीण जहांआरा १६८१ मध्ये वारली. दिल्लीत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यातील तिची कबरही बिनछताची आहे. म्हणजे ही त्या घराण्याला ठाऊक असलेली रीत होती. उलट, १६२६ मध्ये वारलेल्या मलिक अंबरची खुलताबादेतीलच कबर घुमटाखाली आहे. म्हणून काही तो औरंगजेबापेक्षा मोठा सत्ताधीश ठरत नाही.

औरंगजेबाचा न्याय करायचा तर १६८९ मधील संभाजी महाराजांची हत्या आहे, दख्खनेतील पंचवीस वर्षांच्या मोहिमा आहेत, त्यांची कागदपत्रे आहेत. कबरीवर छप्पर नाही, हा त्या खटल्यातला पुरावा नव्हे; कोणत्याच बाजूचा नव्हे. ‘सबडायल’ हा शब्द म्हणूनच उपयोगी वाटतो. तो वास्तूचे वर्णन करतो, माणसावर निकाल देत नाही.