आमच्या किनाऱ्यावरील गुरुजन



ज्युबिलीची पुस्तिका हाती घेणारा मनुष्य तीत बहुधा चार गोष्टी शोधतो. मंदिराचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोणी अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरू येऊन गेले, आणि आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव वर्गणीदारांच्या यादीत आहे किंवा नाही. या चारही गोष्टी जतन करण्याजोग्या आहेत. आम्ही मात्र येथे अशा एका वर्गाविषयी लिहिण्याचे योजिले आहे की, ज्याची नोंद असल्या पुस्तिकांतून क्वचितच आढळते. तो वर्ग शिक्षकांचा, आणि त्यातही हायस्कुलांतील शिक्षकांचा होय. ते कोठून आले, वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी त्यांनी काय भोगले व काय संपादिले, त्यांच्या अंगी कोणते गुण होते, हे ठाऊक असल्यावाचून शाळेचा इतिहास पुरा होत नाही. क्रमिक पुस्तक सर्व मुलांस सारखेच मिळते. शिक्षक आपल्या पूर्वायुष्यातून जे आणतो, ते मात्र त्याच्यापाशीच मिळते.

आमच्या या किनाऱ्यावर विद्येची परंपरा फार जुनी आहे. तारापूरच्या शेजारच्या चिंचणी गावी गेल्या शतकात काही ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ मधला, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्या वेळी संजाण प्रांताचा कारभार सुगतिप नावाचा एक ताजिक, अर्थात मुसलमान, अधिकारी पाहत असे. अन्नैय नावाच्या गृहस्थाने संजाण येथे स्थापिलेल्या मठिकेस या अधिकाऱ्याने राजाच्या संमतीने भूमी दान दिली. दानाचा हेतू ताम्रपटात स्पष्ट आहे. देवीचा नैवेद्य चालावा, आणि पंचगौडीय महापरिषदेतील नऊ जणांस नित्य भोजन मिळावे. पंचगौडीय म्हणजे उत्तर हिंदुस्थानातील ब्राह्मण. तेव्हा विद्या परगावाहून येते, आणि ती गावात राहावी असे वाटत असेल तर विद्वानाच्या पोटाची सोय गावाने करावी लागते, हे दोन धडे आमच्या भूमीने हजार वर्षांपूर्वीच गिरविले होते.

पुढे पोर्तुगीज अमदानी आली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाचे पाद्री सेबास्तियान गोन्साल्विस यांच्या छायेत वाढलेला एक वसईकर मुलगा त्यांच्याच मागोमाग जपानात गेला, व १५९७ साली नागासाकी येथे क्रुसावर मरण पत्करून पुढे १८६२ साली संतपदास पोहोचला. संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव आम्हां सर्वांच्या ओठी आहे. त्यांच्या गुरूचे नाव किती जणांस सांगता येईल? गोव्याकडील पॅरिश शाळांतून ‘मेस्त’ असे. तो गायनाचा जाणकार, व्हायोलिन वाजविणारा, देवळातील गायकवृंदाचा चालक, आणि तोच मुलांचा अक्षरगुरूही. त्याच्यापाशी शिकलेल्या मुलांनी पुढे गोव्याचे संगीत दूरदूर नेले. आमच्याकडे हा प्रवाह १७३९ साली खंडित झाला. त्या वर्षी जानेवारीत तारापूरचा किल्ला व मे महिन्यात वसई मराठ्यांनी जिंकून घेतली, आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर मठ व त्यांच्या शाळाही लयास गेल्या.

आज ज्यास आपण हायस्कूल म्हणतो, ती संस्था इंग्रजी अमदानीतील. तिच्या शिक्षकाची नवी प्रतिमा महाराष्ट्रापुढे ठेवण्याचा मान मोठ्या अंशी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलकडे जातो. ही शाळा १ जानेवारी १८८० रोजी सुरू झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले होते. बाळ गंगाधर टिळक कायद्याची पदवी घेऊनही वकिलीकडे न वळता गणित शिकवू लागले. वामन शिवराम आपटे हे सावंतवाडीकडील, बाळपणीच पोरके झालेले. दारिद्र्यातून वर येऊन ते संस्कृताचे असे पंडित झाले की, त्यांचा १८९० सालचा संस्कृत-इंग्रजी कोश आजही अभ्यासकांच्या मेजावर असतो. कोश रचणारा हा पुरुष शाळेतील मुलांसही संस्कृत शिकवीत असे. याच शाळेत १८८५ च्या सुमारास गोपाळ कृष्ण गोखले हे तरुण शिक्षक म्हणून लागले. वडील लवकर वारल्यामुळे थोरल्या भावाने पोटास चिमटा घेऊन त्यांस शिकविले होते. त्यांनी सिद्ध केलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक वर्षे शाळाशाळांतून चालले. देश त्यांस राजकारणी म्हणून ओळखतो. त्यांची उमेदवारी वर्गातील फळ्यापुढे झाली, हे विसरता कामा नये.

शिक्षक नसले म्हणजे शाळेचे काय होते, हे आमच्या समाजाने पहिल्या महायुद्धात पाहिले. मुंबईतील माझगावचे सेंट मेरीज व धोबीतलावचे सेंट झेवियर्स या हायस्कुलांचा भार त्या काळी येशूसंघाचे जर्मन व स्विस पाद्री वाहत होते. १९१४ साली युद्ध पेटताच जर्मन पाद्री परशत्रू ठरले. त्यांस स्थानबद्ध करण्यात आले, व पुढे बहुतेकांस मायदेशी धाडण्यात आले. इमारती, बाके व पुस्तके जागच्या जागी राहिली. वर्षानुवर्षे या देशात राहून मुलांची मने जाणणारी माणसे तेवढी गेली. थोड्या उरलेल्यांनी व बाहेरून साहाय्यास आलेल्यांनी कसाबसा गाडा ओढला, आणि १९२१ नंतर स्पेनमधील पाद्री येऊ लागले तेव्हा कोठे ही उणीव भरून निघू लागली. देणगी मिळताच नवी इमारत वर्षा-दोन वर्षांत उभी राहते, परंतु मुरलेला शिक्षक घडण्यास अर्धे आयुष्य लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. तारापूरच्या उत्तरेस, डहाणू तालुक्यात, समुद्रकाठी बोर्डी गाव आहे. तेथे १९२० साली हायस्कूल निघाले. त्यास सुनाबाई पेस्तनजी हकीमजी या पारशी बाईंचे नाव आहे, आणि ते चालविणारी संस्था गोखले एज्युकेशन सोसायटी, म्हणजे वर उल्लेखिलेल्या त्या अंकगणिताच्या शिक्षकाचे नाव धारण करणारी. या शाळेचे आचार्य शंकरराव भिसे यांस केवळ परीक्षांच्या निकालावर समाधान नव्हते. शाळेच्या कुंपणापलीकडे वारली मुले उघडीवाघडी हिंडताना दिसत. त्यांचे काय, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना. १९४० साली बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने आदिवासी सेवा मंडळ स्थापन झाले, त्या कार्यात भिसे अग्रभागी होते. हायस्कुलाचा शिक्षक आपल्या पेशाची कक्षा किती वाढवू शकतो, याचा हा आमच्या घरचा दाखला.

त्याच बोर्डीत १९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. हे केंद्र लहान मुलांचे खरे. परंतु दोघींचाही मार्ग मोठ्या शाळांतून आलेला होता, म्हणून त्यांची कथा येथे सांगणे प्राप्त आहे. ताराबाई १९१४ सालच्या पदवीधर. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे मुख्य पद त्यांनी भूषविले होते. मानाची ती जागा सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या हाताखाली बालमंदिरात काम करू लागल्या. गिजुभाई तरी मूळचे कोण? वकील. आणि गिजुभाईंनी जिच्या ग्रंथांपासून स्फूर्ती घेतली, ती मारिया माँटेसोरी ही इटलीतील कॅथॉलिक विदुषी मूळची डॉक्टर. रोगी तपासताना जडलेली सूक्ष्म निरीक्षणाची सवय तिने बालकांच्या खोलीत आणली.

अनुताईंचे पूर्वायुष्य याहून निराळे. १९१० साली मोरगावी जन्म. तेराव्या वर्षी लग्न, व लवकरच वैधव्य. घरच्यांनी शिकू दिले, म्हणून त्या व्हर्नाक्युलर फायनल उत्तीर्ण होऊन शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत सुमारे एक तप त्यांनी शिकविले. दिवसा शिकवीत आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बोर्डीस व पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी पाहिले की, मूल शाळेत येत नाही, कारण ते गुरे राखते व धाकट्या भावंडास सांभाळते. तेव्हा शाळाच अंगणात व कुरणावर नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर गावोगाव झाला आहे. तो या टापूत रुजला. ज्या बालविधवेस एके काळी शाळेचा उंबरठा दुर्लभ होता, तिलाच उंबरठ्याबाहेर राहिलेल्या मुलाचे दुःख कळले, यात नवल ते काय? महाविद्यालयातील विद्या ताराबाईंपाशी होती, आणि सोसण्यातून आलेली समज अनुताईंपाशी. कोसबाडास दोहोंची गरज पडली.

सांप्रतचे तारापूर फार पालटले आहे. १९६९ साली येथील अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला कारखान्यांची वसाहत उभी राहिली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून कुटुंबे आली. अणुऊर्जा खात्याच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी १९६९ सालीच निराळी शिक्षणसंस्था स्थापन झाली. तिच्या शाळांतून नाना प्रांतांचे शिक्षक बदलीने येतात. चिंचणीच्या ताम्रपटातील त्या नऊ जणांप्रमाणे तेही परप्रांतीय पाहुणे. दुसरीकडे, ज्यांच्या आजोबांनी पाटी पाहिली नव्हती, असे वारली व अन्य आदिवासी घरांतील तरुण-तरुणी आता फळ्यापुढे उभे राहू लागले आहेत. मुलाच्या घरची भाषा जाणणारा शिक्षक हा केवढा मोठा ठेवा आहे, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

परंतु त्यांच्या भोजनाची सोय आपण कशी करतो? २००० सालापासून महाराष्ट्रात नवा शिक्षक प्रथम तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राहतो. माध्यमिक शाळेतील हे मानधन बरीच वर्षे दरमहा ८,००० रुपये होते. २०२३ साली ते १८,००० झाले. घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाने या रकमेत कसे भागवावे? मग हुशार मुलाने ‘मी शिक्षक होईन’ असे म्हणताच आईबापांचे तोंड उतरते, त्यात केवळ त्यांचा दोष काढता येत नाही. तथापि, ज्या गावातील हुशार मुले शिक्षक होत नाहीत, त्या गावाच्या नातवंडांस कोण शिकविणार, हा प्रश्न उरतोच.

या ज्युबिलीच्या निमित्ताने म्हणून आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक घरास आमची एक विनंती आहे. घरातील वडील मंडळींस त्यांच्या हायस्कुलातील एका तरी शिक्षकाविषयी विचारावे. त्यांचे गाव कोणते, ते पूर्वी काय करीत, शिकविण्यापलीकडे त्यांस काय येत होते, पेटी वाजवीत की नाटक बसवीत, झाडांची नावे सांगत की रात्री कंदिलापाशी बसवून नापास मुलाचे गणित पक्के करून घेत, हे एका वहीत लिहून ठेवावे. वडीलधारी माणसे आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे. आणि घरात एखाद्या मुलास अगर मुलीस शिक्षक होण्याची इच्छा झाली, तर तिला नाउमेद न करता, त्या वहीतील एक पान वाचून दाखवावे.