लग्नाच्या रात्री मेकअप कसा उतरवायचा? उत्तर हळदीच्या डागात आहे

मे महिन्यात तळा तालुक्यातल्या एखाद्या लग्नाला गेला असाल, तर हे चित्र ओळखीचं वाटेल. मुंबईहून चाकरमानी आलेले, महामार्ग सोडून इंदापूरहून तळ्याकडे वळणाऱ्या गाड्यांना फुलांच्या माळा, राजपुरी खाडीच्या बाजूने येणारी दमट हवा आणि मांडवात नवरीच्या चेहऱ्यावर ‘एचडी वॉटरप्रूफ’ मेकअपचे थरावर थर. लग्न, जेवणं, पाठवणी, गृहप्रवेश हे सगळं उरकून तिला एकटीला आरसा मिळतो तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. घर नवीन, बाथरूम एक, पाहुणे तीस-चाळीस. आणि सकाळी सत्यनारायणाची पूजा. म्हणजे पुन्हा साडी, पुन्हा फोटो, पुन्हा मेकअप.

अशा वेळी हाताला लागतो तो अंगाचा साबण. चेहरा घासला जातो, मेकअप अर्धाच निघतो, मग आणखी जोर लावला जातो. सकाळी त्वचा लाल, ताणलेली आणि चुरचुरणारी. त्यावरच पुन्हा फाउंडेशन चढतं. मेकअप करण्याच्या पॅकेजवर हजारो रुपये खर्च होतात, पण तो उतरवायचा कसा हे त्या पॅकेजमध्ये सहसा नसतं.

साबण-पाण्याने मेकअप का निघत नाही?

हळदीचा डाग आठवा. हळदीच्या कार्यक्रमानंतर पिवळी झालेली बोटं पाण्याखाली कितीही वेळ धरली तरी पिवळीच राहतात, कारण हळदीचा रंग ज्याच्यामुळे असतो ते कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. तेलात मात्र विरघळतं. म्हणूनच फोडणीत चिमूटभर हळद टाकली की सगळं तेल पिवळं होतं.

वॉटरप्रूफ मेकअपचं गणित असंच आहे. त्यात मेण, तेलं, सिलिकॉन आणि त्वचेवर पातळ पापुद्रा धरणारे घटक असतात. घाम आला, वरमाईने रडवलं, तरी ते हलू नये यासाठीच ते बनवलेलं असतं. जे घामाला दाद देत नाही ते नळाच्या पाण्याला का देईल? त्याला सैल करायला तेलच लागतं.

हळदीबद्दल आणखी एक गोष्ट. चेहऱ्यावर राहिलेला पिवळेपणा घासून काढायच्या फंदात पडू नका. उजेडात कर्क्युमिनचा रंग आपोआप उडतो. आई हळदीचा डाग पडलेला कपडा उन्हात टाकते, त्यामागे हेच कारण आहे.

मग चेहऱ्याला खोबरेल लावायचं का?

लावा, पण रात्रभर ठेवू नका. या दोन गोष्टींमधला फरक महत्त्वाचा आहे.

चेहरा आणि हात दोन्ही कोरडे असताना सुरुवात करा. ओल्या चेहऱ्यावर तेल नुसतं घसरतं, मेकअपपर्यंत पोहोचत नाही. हात आधी साबणाने धुऊन पुसून घ्या, मग चमचाभर तेल किंवा क्लिन्झिंग बाम तळहातावर घेऊन कपाळ, गाल, नाकाच्या कडा, हनुवटी आणि मान असं हलक्या बोटांनी मिनिटभर फिरवा. जोर लावायचा नाही. सगळा चेहरा विचित्र तपकिरी दिसायला लागला की काम झालं. आता मऊ सुती कापड कोमट पाण्यात भिजवून, पिळून, टिपत टिपत पुसून घ्या. मान आणि कानामागचा भाग विसरला जातो. तिथेही फाउंडेशन असतंच.

त्यानंतर सौम्य फेसवॉशने एकदा चेहरा धुवायचा. ही दुसरी पायरी कोकणात टाळून चालत नाही. आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मॅलासेझिया नावाची बुरशी असतेच आणि तेलातली स्निग्धाम्लं हे तिचं खाद्य. दमट हवा, घाम आणि रात्रभर चोपडलेलं तेल एकत्र आलं की कपाळावर, केसांच्या रेषेजवळ बारीक, खाजरे, एकसारखे फोड उठू शकतात. ज्यांना मुळातच मुरुमं येतात त्यांनी खोबरेल टाळून पाण्याबरोबर दुधाळ होऊन निघून जाणारं क्लिन्झिंग ऑइल घेतलेलं बरं. लग्नाच्या दोन आठवडे आधी ते एकदा वापरून पाहा. नवीन वस्तूचा पहिला प्रयोग लग्नाच्या रात्री नको.

मायसेलर वॉटरही चालतं. दिसायला पाणी असलं तरी त्यात साबणासारखे रेणू बारीक गोळ्यांच्या रूपात असतात आणि ते तेलकट कण पकडतात. बाटलीवर ‘धुवायची गरज नाही’ असं लिहिलेलं असलं तरी इतक्या जाड मेकअपनंतर चेहरा धुवाच, कारण ते रेणू त्वचेवर राहिले तर कोरडेपणा वाढतो. ओले वाइप्स प्रवासात ठीक आहेत. पण वाइपने मेकअप उतरवणं म्हणजे बहुतेक वेळा तो एका गालावरून दुसऱ्या गालावर नेणं!

इन्स्टाग्रामवर ही तेल-मग-फेसवॉश पद्धत ‘कोरियन’ म्हणून फिरते. आपल्या रंगमंचाला ती जुनी आहे. दशावतारात रात्रभर राजा किंवा राक्षस होऊन नाचलेला नट पहाटे तेलानेच रंग उतरवतो. शिमग्यात गोमू झालेल्या पोरालाही घरचं खोबरेलच सापडतं. जुन्या रंगपेटीत सफेदा, पिवडी, काजळ, हिंगूळ असे रंग असायचे. यातला हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, त्यामुळे ‘जुनं ते नैसर्गिक आणि निर्धोक’ हे इथे लागू होत नाही. युरोपात लुडविग लाइखनर या ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये बर्लिनमध्ये तेलकट रंगकांड्यांचा कारखाना काढला. तिथले नट तो रंग कोल्ड क्रीमने काढत. कोल्ड क्रीम म्हणजे तरी काय, तेल, मेण आणि थोडं पाणी.

डोळ्यांचं आधी, बाकीचं नंतर

कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर तेलाला हात लावण्याआधी त्या काढा. तेलाचा थर लेन्सवर बसला की नजर धूसर होते आणि डोळे चुरचुरतात.

खोट्या पापण्या ओढून काढू नका, त्यांच्याबरोबर खऱ्याही येतात. कापसाच्या पॅडवर तेल किंवा आय मेकअप रिमूव्हर घेऊन बंद डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं दाबून धरा. गोंद सैल झाला की पापणी बाहेरच्या कोपऱ्यातून आपोआप सुटते. मस्कारा वरून खाली पुसायचा, आडवा नाही.

‘आज राहू दे, उद्या काढू’ हा विचार डोळ्यांच्या बाबतीत सगळ्यात महाग पडतो. पापण्यांच्या कडेला बारीक तेलग्रंथींची तोंडं असतात. त्या तेलामुळे अश्रू लवकर वाळत नाहीत. मस्कारा आणि काजळ तिथे साचलं की ही तोंडं बुजतात, डोळे कोरडे पडतात, रांजणवाडी होते. ऑस्ट्रेलियातल्या एका पन्नाशीच्या बाईने सुमारे २५ वर्षं मस्कारा नीट काढला नव्हता. तिच्या पापणीच्या आत काळे खडे तयार झाले होते आणि ते शस्त्रक्रियेने काढावे लागले. २०१८ मध्ये नेत्रतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात त्या फोटोंसह हे प्रकरण छापून आलं आणि जगभर शेअर झालं. हे टोकाचं उदाहरण आहे, मान्य. पण दररोज काजळ घालून झोपणाऱ्या मैत्रिणी आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

आणि टिकली? तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. टिकलीच्या काही गोंदांमध्ये पॅरा-टर्शरी ब्युटाईल फिनॉल नावाचं रसायन असतं. ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मारक ठरू शकतं. कपाळावर बरोबर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडण्याचे प्रकार भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना चांगले माहीत आहेत. टिकली काढल्यावर गोंद तेलाने पुसून टाका. त्या जागी खाज येत असेल किंवा रंग फिका दिसत असेल तर टिकली ताबडतोब बंद. ब्रँड बदलून बघू, असं करायचं नाही.

तुमचा फेसवॉश सौम्य आहे का? घरच्या घरी तपासा

इथे पुन्हा हळद कामाला येते. हळदीच्या डागावर कपड्याचा साबण लावला की तो लालसर होतो, हे तुम्ही पाहिलं असेल. पारंपरिक कुंकूही असंच तयार होतं: हळदीला चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिळाला की ती लाल होते. थोडक्यात, हळद म्हणजे स्वयंपाकघरातला लिटमस पेपर.

पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा. त्यावर तुमच्या साबणाचा आणि फेसवॉशचा फेस थेंबभर टाका. जिथे लाल-तपकिरी डाग उठेल ते उत्पादन अल्कधर्मी. नेहमीच्या वडीचा पीएच साधारण ९ ते १० असतो, तर निरोगी त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लधर्मी. असा साबण त्वचेच्या पेशींमधलं स्निग्ध अस्तर ओढून नेतो, आणि धुतल्यावर चेहरा ‘करकरीत स्वच्छ’ वाटतो तो त्यामुळेच. ती स्वच्छतेची खूण नाही, त्वचा उघडी पडल्याची आहे. कागद पिवळाच राहिला तर उत्पादन निदान अल्कधर्मी नाही एवढं कळतं. त्यातला सुगंध किंवा रंग तुम्हाला सोसेल की नाही, हे ही परीक्षा सांगत नाही.

उतरवल्यानंतर काय?

कमीत कमी. टॉवेलने टिपा आणि चेहरा किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. ‘कोकणात एवढा दमटपणा, मॉइश्चरायझर कशाला?’ हा प्रश्न हमखास येतो. हवेतली वाफ त्वचेचं निघून गेलेलं अस्तर भरून देत नाही. फक्त इथे जाड क्रीमपेक्षा हलकं लोशन किंवा जेल बरं पडतं. त्या रात्री रेटिनॉल, आम्ल असलेली सीरम, स्क्रब, ब्लीच, शीट मास्क काहीही नको. सकाळी नुसत्या पाण्याने धुवून मॉइश्चरायझर, वर सनस्क्रीन, आणि पूजेचा मेकअप शक्य तितका पातळ.

लिंबू मात्र अजिबात लावू नका. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट हे उपायही रीलमध्येच राहू द्या.

या सगळ्याचं सामान एका छोट्या पाऊचमध्ये मावतं: तेलाची लहान बाटली, कापूस, दोन मऊ सुती कापडं, फेसवॉश, मॉइश्चरायझर, लेन्सची डबी. हे पाऊच सासरी जाणाऱ्या मोठ्या बॅगेच्या तळाशी नको, हातातल्या पर्समध्ये हवं. करवलीच्या पर्समध्ये असलं तर आणखी चांगलं.

खरा धोका मेडिकलच्या काउंटरवर

चेहरा लाल झाला की घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘मेडिकलमधून ती ट्यूब आण.’ ती ट्यूब बहुतेक वेळा स्टेरॉईडची असते: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीतरी. एका रात्रीत लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो, म्हणून वापर चालू राहतो. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमं आणि लव वाढते. आणि ट्यूब बंद केली की आग होते, म्हणून ती पुन्हा सुरू होते. हे चक्र इतकं वाढलं की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरोधात मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉईड औषधं ‘शेड्युल एच’मध्ये घातली. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा धोका लेबल नसलेल्या ‘गोरेपणाच्या’ क्रीमचा. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका कुटुंबातल्या तिघींची बातमी आली होती. अशीच एक क्रीम वापरल्यानंतर तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये मोठ्या प्रमाणात पारा आढळला. पारा रंगद्रव्य बनण्याची प्रक्रिया अडवतो, त्यामुळे रंग खरंच उजळतो. त्वचेतून तो रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात जातो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाखात एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती कितीही ओळखीच्या पार्लरमधून आलेली असली तरी घेऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा धूसर दिसत असेल तर त्याच दिवशी. पापण्या किंवा ओठ सुजले, पाणी भरलेले फोड आले तरी थांबू नका. श्वास घ्यायला त्रास झाला तर रात्र असली तरी लगेच १०८ ला फोन. साधी लाली आणि चुरचुर दोन-तीन दिवसांत फक्त मॉइश्चरायझरवर उतरायला हवी, नाही उतरली तर दाखवा. तळ्याहून माणगावचं उपजिल्हा रुग्णालय गाठता येतं आणि तिथवर जाणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनी सेवेतून फोनवर मोफत सल्ला मिळतो. जाताना लावलेल्या सगळ्या वस्तूंचे खोके बरोबर घ्या किंवा घटकांच्या यादीचे फोटो काढून ठेवा. आणि चेहऱ्याचा फोटो पाठवायचा असेल तर दिवसाउजेडी, खिडकीजवळ काढा, ब्युटी फिल्टर बंद करून.