सतरावा दिवस

फेब्रुवारी महिना उजाडला की आपल्या वसईला संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाचे वेध लागतात. १५५७च्या सुमारास येथे जन्मलेले हे वसईपुत्र ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर आपल्या पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर हुतात्मा झाले, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील बालकही सांगेल. परंतु आपण सांगतो ती कथा त्या टेकडीवरच संपते. ज्या लोकांची भाषा गोन्सालोंनी आत्मसात केली आणि ज्यांच्यासाठी ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी झाले, त्या जपानी ख्रिस्ती लोकांचे पुढे काय झाले?

ज्यांचा देह आज गोव्यात विसावला आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरांनी १५४९ मध्ये जपानमध्ये श्रद्धेचे बीज पेरले होते. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. जे लपून राहिले ते एकेक करून पकडले गेले. १६४४ मध्ये अखेरचा धर्मगुरू मारला गेला. त्यानंतर दोनशे वीस वर्षे त्या भूमीवरील श्रद्धावंतांसाठी ना मिस्सा होती, ना पापनिवेदन, ना ख्रिस्तशरीर.

मी स्वतः धर्मगुरू आहे. हा कालखंड वाचताना मला प्रत्येक वेळी थोडे अस्वस्थ व्हायला होते. माझ्यावाचून ख्रिस्तसभा किती दिवस तग धरील, हा प्रश्न कोणत्याही पाद्रीला सुखाचा नसतो.

नागासाकीजवळील उराकामी गावच्या शेतकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आपापसांत कामे वाटून घेऊन दिले. एकाने बालकांना स्नानसंस्कार द्यायचा. एकाने घरोघरी निरोप पोहोचवायचे. आणि एकाने पंचांग सांभाळायचे. बास्तियान नावाच्या एका जपानी धर्मशिक्षकाने हे पंचांग १६३४ च्या आधारे लावून दिले, अशी त्यांची परंपरा सांगते. आज रविवार आहे, आज काम वर्ज्य आहे, आज उपवास आहे, हे पंचांग राखणारा हळूच कळवी आणि निरोप वाडीभर फिरे. ज्या प्रार्थना ते कुजबुजत, त्यांना ते ‘ओराशो’ म्हणत. हा मूळचा लॅटिन शब्द. क्रुसाला ते ‘कुरुसु’ म्हणत. पोर्तुगीजांकडून आपणही तोच शब्द उचलला आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

मोशेने इस्राएली जनतेला वाळवंटातील चाळीस वर्षांची वाटचाल आठवण्यास सांगितले आणि लगोलग आज्ञा पाळण्यासही सांगितले. अनुवादाच्या ग्रंथात स्मरण आणि आज्ञापालन ही दोन निराळी कामे नाहीतच. उराकामीच्या लोकांजवळ बायबल नव्हते. देवाची करणी त्यांनी आठवली ती दिवस मोजून, आणि मोजलेला दिवस पाळून.

परंतु त्यांचे चित्र मी उजळ रंगांनीच रंगवले तर ते सत्याला धरून होणार नाही. दरवर्षी नववर्षाच्या सुमारास गावच्या मुखियाच्या घरी सर्वांना हजर राहावे लागे. तेथे प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवलेली असे आणि प्रत्येकाला तिच्यावर पाय द्यावा लागे. नकार म्हणजे मृत्यू. बहुतेकांनी पाय दिला. बापाने दिला, मुलाने दिला, नातवाने दिला. मग घरी येऊन दार लावून ते पूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. धर्मगुरू नसताना मनःपूर्वक पश्चात्ताप कसा करावा, हे शिकवणारी एक पुस्तिका १६०३ मध्ये तयार झाली होती; तिची हस्तलिखिते पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली. त्यांना आज्ञाधारक म्हणावे की नाही? सेमिनरीत असताना मी या प्रश्नाचे उत्तर तात्काळ दिले असते. आज इतकेच म्हणतो, की पडलेल्या माणसाला परत घेणारा देव आहे हे ते विसरले नाहीत, म्हणून तर दरवर्षी घरी परतून गुडघे टेकू शकले.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी गोन्सालो व त्यांच्या सोबत्यांना संतपद बहाल केले. जपानची बंदरे एव्हाना परकीयांना खुली झाली होती. फ्रेंच मिशनऱ्यांनी नागासाकीच्या ओउरा भागात परदेशी रहिवाशांसाठी चर्च उभारले आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांना अर्पण केले. जपानी लोकांवरील बंदी मात्र कायम होती. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी डझनभर शेतकरी चर्चच्या दाराशी घुटमळताना फादर बर्नार्ड पेतिजाँ यांना दिसले. त्यांनी दार उघडले आणि वेदीपुढे गुडघे टेकून ते प्रार्थना करू लागले. तेवढ्यात एक स्त्री जवळ आली. आपल्या सर्वांचे हृदय त्यांच्यासारखेच आहे, असे तिने हळूच सांगितले आणि सांता मारियाची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मूर्तीपुढे बोलता बोलता त्या लोकांनी आणखी एक गोष्ट सांगितली: सध्या दुःखाचा काळ चालू आहे आणि आज त्याचा सतरावा दिवस.

त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. वाचकांनी बोटांवर मोजून पाहावे. सव्वादोनशे वर्षे रोमशी कसलाही संपर्क नसताना एका दिवसाचीही चूक झाली नव्हती!

आज उपवासकाळाचा कितवा दिवस, असे मला कोणी वाटेत अचानक विचारले तर छापील दिनदर्शिका पाहिल्याशिवाय मला सांगता येत नाही.

पुढची हकिगत सुखाची नाही. धर्मगुरू भेटल्यावर उराकामीकरांनी बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करण्यास नकार दिला. १८६७ मध्ये धरपकड सुरू झाली आणि १८७० पर्यंत गावातील तीन हजारांहून अधिक माणसांना देशाच्या निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार करण्यात आले. कोणाला गोठलेल्या तळ्यात उभे केले, कोणाला उठताबसता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडले. सहाशेहून अधिक जण दगावले. ज्यांच्या वाडवडिलांनी प्रतिमेवर पाय दिला होता, तीच ही माणसे. १८७३ मध्ये बंदी उठली आणि उरलेले परतले. त्या काळाला ते ‘प्रवास’ म्हणत, एवढेच.

परतल्यावर त्यांची शेती उजाड झालेली होती. तशातही पै-पै जमवून त्यांनी गावच्या मुखियाचे जुने घर विकत घेतले. जेथे दरवर्षी पाय द्यावा लागे, तेच ते घर. त्याच जागेवर १८९५ मध्ये त्यांनी विटांचे मोठे चर्च बांधायला घेतले. ते १९१४ मध्ये पूर्ण झाले.

९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला तो या चर्चपासून सुमारे पाचशे मीटरवर. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून आत पापनिवेदन चालू होते. धर्मगुरू आणि रांगेतील भाविक, कोणीच वाचले नाही. उराकामीच्या बारा हजार कॅथलिकांपैकी सुमारे साडेआठ हजार मृत्यू पावले.

मनोऱ्यांतील एक घंटा ढिगाऱ्याखाली अभंग सापडली. उरलेल्या लोकांनी ती उकरून काढली, लाकडी तिकाटण्याला टांगली, आणि त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी वाजवली.