यंत्राला हुकूम कोणी द्यायचा?

शाळेतला संगणक म्हटले की बहुतेकांना २००० नंतरचा काळ आठवतो. कुलूपबंद खोली, संगणकांवर घातलेली प्लॅस्टिकची आच्छादने, दाराबाहेर काढलेल्या चपला. पण ही गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते. केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, शिक्षण मंत्रालय आणि एनसीईआरटी यांनी १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि देशातल्या सुमारे २५० माध्यमिक-उच्च माध्यमिक शाळांत संगणक पाठवले. मी तेव्हा शाळेतच होतो. आमच्या शाळेपर्यंत काही ते पोचले नाहीत.

यंत्र होते 'बीबीसी मायक्रो'. होय, तीच बातम्यांची बीबीसी! सामान्य माणसाला संगणक समजला पाहिजे, असे या प्रसारण संस्थेने मनावर घेतले. जानेवारी १९८२ मध्ये तिने दूरचित्रवाणीवर मालिका सुरू केली आणि सोबत केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीकडून यंत्रही करवून घेतले. सुमारे १२ हजार यंत्रे खपतील असा अंदाज होता, खपली १५ लाखांवर. ब्रिटनमधल्या बहुतेक शाळांत ते पोचले आणि तिथून आपल्याकडे आले.

त्याची स्मृती होती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा तीत मावणार नाही. माउस नाही, चित्रे नाहीत. बटण दाबले की काळ्या पडद्यावर एक चिन्ह लुकलुकायचे आणि यंत्र गप्प बसायचे. पुढे काय करायचे ते मुलाने सांगायचे, तेही 'बेसिक' भाषेत. ही भाषा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणितज्ञांनी तयार केली. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा तिचा उद्देश. माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाला हे वाचून बरे वाटते.

बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला क्रमांक असे : १०, २०, ३०. मधले आकडे मुद्दाम मोकळे ठेवायचे, म्हणजे नंतर सुचलेली ओळ मध्ये घालता येते. कविता लिहिणाऱ्याला ही सोय चांगलीच पटेल. सतराचा पाढा छापायला चार-पाच ओळी पुरत. ज्या मुलाने त्या लिहिल्या, त्याला पाढा पाठ नसेलही. पण पाढा म्हणजे तीच बेरीज पुन्हा पुन्हा करणे, हे त्याला उमगलेले असे.

अडचण भाषेची होती. बेसिकचे सगळे शब्द इंग्रजी, कीबोर्ड इंग्रजी. तरी या यंत्रात एक खिडकी उघडी होती. त्यात स्वतःचे अक्षर घडवता येई. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके. कोणते पेटवायचे ते ठरवून प्रत्येक ओळीचा एक आकडा काढायचा आणि ते आठ आकडे यंत्राला द्यायचे. ओळीतले आठही ठिपके पेटवले तर आकडा येतो २५५. म्हणजे देवनागरीची शिरोरेषा २५५! शेजारच्या अक्षराचीही पहिली ओळ २५५ ठेवली की रेघ सलग जुळते. जोडाक्षरांना ही आठ घरे अपुरी पडत, हे खरे; पण 'कमल' किंवा 'नमन' लिहायला काही हरकत नव्हती. आपल्या लिपीला द्विमान पद्धती शिकवण्याचे याहून छान निमित्त मला सुचत नाही.

पुढे १९९० नंतर चित्रांच्या पडद्याचे संगणक आले आणि विषय आतून बदलला. पत्र टाइप करणे, तक्ता आखणे, फाइल जतन करणे यालाच संगणक शिक्षण म्हणू लागले. आपल्या राज्यात २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले. त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो माणसांची संगणकाची भीती घालवली, तीही मराठीतून. हे काम मला मोठे वाटते. पण कारकुनी कौशल्य ही मोठ्यांची गरज होती. तीच शाळेच्या विषयात आली, तेव्हा मुलांच्या वाट्याला 'या मेनूतील पर्याय लिहा' अशा धाटणीचे प्रश्न आले. यंत्राला हुकूम देणारा मुलगा यंत्राने मांडलेल्या यादीतून निवड करू लागला.

इंग्लंडमध्येही हेच घडले होते. तिथे मात्र जानेवारी २०१२ मध्ये शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम मोडीत काढण्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१४ पासून पाचव्या वर्षापासूनच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणे सुरू झाले. मग २०१६ मध्ये बीबीसीने पुन्हा एक यंत्र काढले, तळहाताहून लहान 'मायक्रोबिट', आणि ते शाळकरी मुलांना फुकट वाटले. त्यात एआरएम घराण्याचा प्रोसेसर होता. या घराण्याचा मूळपुरुष १९८५ मध्ये एकॉर्नमध्येच जन्मला. सोफी विल्सन यांनी त्याची पहिली नक्कल करून पाहिली होती ती बीबीसी मायक्रोच्या बेसिकमध्ये! आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुधा याच वंशाचा प्रोसेसर आहे.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासूनच्या टप्प्यात कोडिंग आणायचे म्हटले आहे. मोबाइल हाताळायला त्या वयाच्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. १९८४ च्या प्रकल्पात दुसरा विषय शिकवणाऱ्या शिक्षकांनाच थोडे प्रशिक्षण देऊन यंत्रासमोर उभे केले होते. आता सहावीच्या वर्गात, मराठीतून, हे शिकवायला कोण उभे राहणार आहे, ते पाहायचे.