घरांतील वस्तु आणि नगरांतील संग्रहालय



संग्रहालय म्हटलें म्हणजे राजेरजवाड्यांच्या तलवारी, नाणीं आणि भग्न देवमूर्ति एवढेंच चित्र सामान्यतः आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. आमच्या आणे पठारावरून पुण्यास गेलेला मनुष्य कचेरी, दवाखाना व बाजार उरकून परत येतो. परंतु तेथें शुक्रवार पेठेंत त्याच्याच आजीच्या माजघराचा इतिहास मांडून ठेविलेला आहे, हें त्याच्या गांवींही नसतें. त्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

पुण्यास संग्रहालय ही कल्पना नवी नव्हती. १८९० सालीं लॉर्ड रे यांच्या नांवानें तेथें औद्योगिक संग्रहालय निघालें. तेंच आज घोले रस्त्यावरील महात्मा फुले वस्तुसंग्रहालय होय. पुढें १९१० सालीं भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें व जुन्या कागदपत्रांस हक्काचा आश्रय मिळाला. उद्योगाची सोय झाली, दप्तराची झाली. राहिलें तें घर. समई, पानदान, अडकित्ता यांचीही इतिहासांत गणना करावी, असें फारसें कोणास सुचलें नव्हतें. दूर स्वीडन देशांत आर्टूर हाझेलियस या गृहस्थानें शेतकऱ्यांचे पोशाख व घरगुती वस्तु जमवून १८७३ सालींच स्टॉकहोम येथें त्यांचें प्रदर्शन मांडिलें होतें. आपल्याकडे तशाच जातीचें कार्य दिनकर गंगाधर केळकर यांच्या हातून व्हावयाचें होतें.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. 'अज्ञातवासी' या नांवानें ते कविता लिहीत आणि चष्म्यांच्या व्यवसायावर प्रपंच चालवीत. १९२० च्या सुमारास त्यांस जुन्या वस्तूंचा नाद लागला, तो जन्मभर सुटला नाहीं. गांवोगांव हिंडावें, पडके वाडे धुंडाळावे, मोडींत निघालेली वस्तु भट्टींत जाण्यापूर्वीं पदरचे पैसे देऊन सोडवावी, असा त्यांचा क्रम असे. पत्नी कमलाबाई यांची या कामीं त्यांस मनःपूर्वक साथ होती. त्यांचा राजा नांवाचा मुलगा बालपणींच निवर्तला. त्याचें नांव या दांपत्यानें संग्रहास दिलें आणि पुढें तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० सालीं केळकरांस पद्मश्री मिळाली. १९९० सालीं ते वारले. आज संग्रहांत सुमारे २०,००० वस्तु असून जागेच्या अभावीं त्यांपैकीं थोड्याच मांडतां येतात.

तेथें काय पाहावें? समया आणि लामणदिवे पाहावे. कुंकवाचे करंडे, फण्या, सोंगट्या आणि गंजिफा पाहाव्या. पैठणची चित्रें आहेत, गुजरातेंतील कोरीव दरवाजे आहेत, नाना प्रकारचीं वाद्यें आहेत. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून तो तेथें पुन्हा उभारिलेला आहे. परंतु माझ्या मतें पाहणारानें खरें थांबावें तें अडकित्ते आणि वज्र्या यांपाशीं. सुपारी कातरावयास दोन पातीं पुरतात, तरी कारागिरानें त्यांस पक्ष्याचा किंवा घोड्याचा आकार दिला. वज्री म्हणजे टांचा घासण्याचें साधन. तिच्याही माथ्यावर त्यानें मोर बसविला. उपयोगाची वस्तु सुंदरही असावी, हा त्याचा सहजधर्म होता. मात्र त्यानें आपलें नांव कोठेंही कोरलें नाहीं. ती वज्री कोणत्या घरची व कोणत्या सुनेच्या हातची, हेंही बहुधा आतां सांगतां येत नाहीं.

येथें आमच्या जुन्नर तालुक्यांतील नाणेघाटाची आठवण होते. तेथील सातवाहनकालीन लेण्यांत राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति भिंतीवर कोरलेल्या होत्या. मूर्ति गेल्या; पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. परंतु वर ब्राह्मी लिपींत सिमुक, सातकर्णि, नागनिका हीं नांवें राहिलीं, म्हणून तेथें कोण उभें होतें हें दोन हजार वर्षांनंतरही आपणांस कळतें. तेथें मूर्ति हरपल्या व नांवें वांचलीं. संग्रहालयांत अनेक ठिकाणीं वस्तु वांचली व नांव हरपलें. दोन्ही सांभाळलीं जातील तेव्हांच इतिहास पुरता होतो.

हें काम पुण्याच्या संग्रहालयास करतां येणार नाहीं. तें आपल्याच घरीं व्हावयास हवें. आण्याच्या रंगदासस्वामींच्या यात्रेंत आमटी शिजविण्याच्या भल्या थोरल्या कढया साऱ्या पंचक्रोशीस ठाऊक आहेत. त्यांची काळजी गांव घेतें, कारण त्यांचें काम अजून चालू आहे. ज्यांचें काम संपलें तीं घंगाळें, ते हंडे, त्या समया मात्र वजनावर मोडींत जातात आणि त्यांबरोबर आजीची गोष्टही जाते. केळकरांसारखा दुसरा मनुष्य दारीं येईल, या भरंवशावर राहण्यांत अर्थ नाहीं.

म्हणून माझी विनंति लहानशीच आहे. घरांत जी जुनी वस्तु असेल ती कोणाची, कोठून व कोणत्या प्रसंगीं आली, हें वडील माणसांस विचारून चार ओळींत लिहून ठेवावें. शाळांनीं हें काम मुलांकडून करून घ्यावें. वस्तु उद्यां विकावी लागली तरी ती वही राहील. आणि वस्तु एखाद्या संग्रहालयांत गेली, तर नांवगांव घेऊन जाईल.